पुंजाजी लोहाराचा राग

पुंजाजी लोहारानं माह्यावर पहिल्यांदा विळा फेकला तवा मी एकोणीस वर्साचा होतो, अन् चूक माहीच होती.

जानेफळच्या बाजारात, मेहकर रोडले, सडकेच्या त्या अंगाले त्याची भट्टी अन् या अंगाले माहं सायकलचं दुकान. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्सं झाली असतील. मॅट्रिकले इंग्रजीनं मले दोनदा धुतलं, म्हणून बापानं पाच जुन्या सायकली घेऊन देल्ल्या, घंट्याच्या हिशेबानं भाड्यानं द्याच्या. पंक्चर काढता काढता लोकाइच्या नकला कराच्या, हा माहा खरा धंदा. हेडमास्तर, तलाठी, गावातले दोन्ही कीर्तनकार, इतकंच काय, पान्हा चोरणारी म्हैससुदीक मले येत होती. पुंजाजीकाका मले सगळ्यात सोपा वाटे. तो दिवसभर एकाच पट्टीत ओरडे, त्यामुळं सरावाले कमी नव्हती.

त्या दिवशी पाच-सात माणसं जमली होती अन् मी रंगात आलो होतो. "अबे, हे वखराची पास हाये का पापड हाये? वावरात वखर चालवला का देवळाच्या पायऱ्यावर? आन इकडं, तुह्या डोक्याले धार लावून देतो!" लोक हसून राह्यले होते. मंग एकाएकी हसणं बंद झालं. मी मागं वळतो न वळतो तं कानाजवळून काहीतरी सुईंकन गेलं अन् दुकानाच्या फळीत घुसलं. विळा होता. बिनमुठीचा, आत्ताच पाजवलेला.

पुंजाजीकाका सडक ओलांडून आला, फळीतून विळा उपसला, धारीवर आंगठा फिरवला.

"धार बरी बसली," तो म्हणला. "अन् बे सायकल, मी डोकं म्हणत नाई, टकुरं म्हणतो. कराची तं बरोबर कर."

अन् गेला. मी नंतर अर्धा घंटा पंपाले टेकून बसलो होतो. हवा सायकलीत कमी अन् माह्यात जास्त भराची गरज होती.

दिसाले तो काही पहेलवान नव्हता. सुकलेला, काळा, छातीवर ठिणग्याइचे पांढरे ठिपके, अन् दोन्ही भुवया जळून गेलेल्या. भुवया नसल्या की माणूस सदा रागात दिसते, पण पुंजाजीकाकाले त्याची गरज नव्हती. एका बियाण्याच्या व्यापाऱ्यानं कुदळीचं काम घाईनं मागतलं, तं यानं त्याले उचलून पाणी देयाच्या कुंडीत बसवलं. तापल्या लोखंडाले जिथं थंड करतात तिथं. दोन जण बैलाइले पत्री ठोकाले आले अन् पहिला नंबर कोणाचा म्हणून भांडाले लागले, तं यानं दोघाइच्या पागोट्याइची गाठ मारली अन् एका बैलाच्या शिंगाले बांधून देल्ली. हातोडा तं तो असा फेके की जसं कोणी पोरगं चिंचेवर दगड फेकते. निशाणा मात्र पक्का. लागत कोणाले नसे, पण प्रत्येकाले वाटे की आता लागते.

पण या रागाची एक वेळ होती, अन् ते साऱ्या पंचक्रोशीले माहीत होती. भाकर खाल्ली की दोन घंटे पुंजाजीकाका माणूस राहे. दोन घंट्यानं पोट रिकामं झालं की आत जाळ पेटे, छातीच्या खाली बरोबर एका बोटाच्या जागी. तो तिथं बोट ठेवून दाखवे. मंग तो काम सोडून ऐरणीजवळ जाये, अन् पोट त्या ऐरणीच्या थंड लोखंडावर दाबून पालथा पडून राहे, जसं धोब्याच्या दगडावर ओलं कापड टाकलं. त्या टायमाले जो बोलला तो मेला. म्हणून साखरखेर्ड्यापासून जे कास्तकार येत, ते पासीसंगं, म्हणजे वखराच्या लोखंडी पात्यासंगं, धडुक्यात एक भाकर बांधून आणत. पहिले भाकर समोर ठेवत, मंग पास. आमच्या इकडं देवाले निवद दाखवतात तितक्याच भेवानं.

"घ्या काका, दोन घास खाऊन घ्या."

"मी काय भिकारी हाये बे?"

"नाई काका. घरची हाये, गरम हाये."

तो खाये. कपाळावरच्या आठ्या एक एक करून उतरत. मंग विचारे, "हं, बोल. काय मोडून आनलं?"

भाकरीनं नाही भागलं तं खायाचा सोडा. एका टिनाच्या डब्बीत भरून खुंटीवर लटकवलेला राहे. चिमूटभर तोंडात, वरून पाणी, अन् मंग असा ढेकर येये की भाता चालवणारा रज्जाक म्हणे, "उस्ताद, भाता बंद करूं क्या? इतनी हवा काफी है."

रज्जाक त्याचा घणकरी. म्हणजे पुंजाजीकाका ऐरणीवर लोखंड धरे, लहान हातोड्यानं जागा दाखवे, अन् रज्जाक त्या जागेवर घण हाणे. पंधरा वर्सं दोघं समोरासमोर. काका त्याले दर घावाले एक शिवी दे. रज्जाकचा शिव्याइवर ठेका बसला होता. शिवी पडली की घण उचले, तालात.

अन् कासाकाकू. काकाची बायको. इतकी गरीब बाई मी पाह्यली नाही. भट्टीमागच्या खोलीत राहे, कोणावर आवाज चढवणं सोडा, कोंबडीलेसुदीक हळूच "जा वो माय" म्हणे. कधी कधी ते लुगड्याच्या गाठीतून काहीतरी काढून चटकन तोंडात टाके. मले वाटे फुटाणे असतील.

आमच्या गावात पोट दुखलं की लोक लोहाराकडं येत, डाग घ्याले. पुंजाजीकाकाच्या बापानं डाग देल्ले, आज्यानं देल्ले, म्हणून यालेही द्या लागत. लोणारकडचा एक भक्कम कास्तकार आला होता, संगं त्याचे दोन भाऊ. पोट धरून वाकडा झाला होता. काकानं त्याले फरशीवर झोपवलं. भावाइनं हात धरले, रज्जाक पायावर बसला, अन् मलेही हाक आली, "अबे सायकल, डोकं धर याचं." बोटाइतकी जाड सळई भट्टीतून निघाली, टोकाले पिवळी. काकानं त्याच्या पोटावर बोटानं जागा पाह्यली, अगदी डॉक्टरवानी, अन् सळई टेकवली. कातडं चर्रकन बोललं. तो माणूस असा उसळला की आम्ही पाचही जण हवेत. त्याचं किंकाळणं बाजाराच्या दुसऱ्या टोकाले ऐकू गेलं, अन् जळल्या मांसाचा वास माह्या सदऱ्यातून दोन धुण्यात गेला नाही. काकानं आनखी दोन डाग देल्ले. मंग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् म्हणला, "झालं राजा, झालं." असा आवाज मी त्याचा पहिल्यांदा ऐकला, अन् मले त्याची नक्कल करता आली नाही.

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, यानं खरंच बरं होते?"

त्यानं बंडी वर केली. त्याच्या स्वताच्या पोटावर नऊ डाग होते. काही जुने, पांढरे पडलेले, दोन ताजे, पाणी सुटलेले. स्वताच्या हातानं देल्लेले, कोणी धराले नसताना.

"तूच सांग," तो म्हणला.

"मंग लोकाइले काऊन देता?"

"अबे, वरचं जळते तोवर आतलं दुखनं ध्यानात येत नाई. आठ रोज जातात. तेवढीच सुट्टी." अन् बंडी खाली ओढली. "हे कोनाले सांगजो नको. नाईतं तुलेच डाग देईन, जिभीवर."

दहावा डाग त्यानं देल्ला नाही, कारण कासाकाकूनं एका रोजी त्याच्या हातातली तापलेली सळई धरली. फक्त धरली. तळहाताले फोड आला. दुसऱ्या रोजी पुंजाजीकाका मेहकरच्या डॉक्टराकडं जायाले तयार झाला. संगं मी, कारण डॉक्टर पुण्याकडचे होते अन् काकाचं म्हणणं होतं की त्याइची भाषा समजाले एक मॅट्रिक नापास पाहिजे.

डॉक्टर भला माणूस होता. काकाले चुन्यासारखं पांढरं पाणी पाजलं, फोटो काढला, फोटो उजेडात धरला अन् सांगतलं की आतड्याच्या तोंडाशी व्रण हाये, अल्सर म्हणतात त्याले. घरी येतपर्यंत डॉक्टरांचा आवाज मले पाठ झाला होता: "हे पाहा पुंजाजी, राग म्हणजे विष आहे. तुम्ही चिडता, पोटात आम्ल सुटतं, ते आम्ल आतल्या कातडीला खातं. तिखट बंद. विडी बंद. दर दोन तासांनी दूध. आणि राग? राग आजपासून पूर्ण बंद. दोन वर्षं जपा. नाहीतर एक दिवस तिथून रक्त फुटेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"तिखट सोडतो," काका म्हणला. "विडी सोडतो. पन साहेब, रागावल्याबिगर लोखंड ऐकत नाई."

"लोखंड का तुमचा जीव, तुम्ही ठरवा."

कासाकाकूही संगं आली होती, दाराबाहेर बसली होती. तिले आत कोणी बोलावलं नाही, अन् तिनंही काही सांगतलं नाही.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, मंग पुढं जाऊ. या गोष्टीले आता लय वर्सं झाली. पुंजाजीकाका त्या डॉक्टराकडं जाऊन आल्यापासून दीड वर्सातच गेला. त्यानंतर कितीक वर्सानं कासाकाकू म्हातारी झाल्यावर मी तिले अकोल्याले एका नव्या डॉक्टराकडं नेलं. तिच्या पोटात जळजळ. कधीपासून? "लग्न झाल्यावर चार-पाच वर्सापासून," ती म्हणली. मी उडालोच. लुगड्याच्या गाठीतले फुटाणे नव्हते, तो सोडा होता. डॉक्टरानं घशातून नळी घालून पाह्यलं अन् सांगतलं, पोटात एक जंतू हाये, वेटोळं घेतलेला, आम्लातही न मरणारा. बहुतेक लहानपणी घरातल्या घरात लागते, खाण्यापिण्यातून, एकाचं दुसऱ्याले. लय लोकाइच्या पोटात राहते अन् काही करत नाही. काहीच्या पोटात भोक पाडते, कोणाच्या पोटात गाठसुदीक करते. दोन हप्ते गोळ्या, झालं.

"रागानं नसते होत?" काकूनं विचारलं.

"नाही हो आजी."

"तिखटानं?"

"तिखटानं झोंबतं. पण मूळ तो जंतू. आम्हा डॉक्टरांनाही हे आत्ता आत्ता कळलंय."

काकूनं गोळ्याइचं पाकीट उलटंपालटं करून पाह्यलं. मंग म्हणली, "मंग त्याइले दीड वर्स गप कायले बसवलं?"

त्या डॉक्टरानं चिठ्ठीवर गोळ्याइच्या वेळा लिहून देल्ल्या. पुंजाजीकाका गेला तवा तो पोरगा दुसरी-तिसरीत असेल. अन् मी, ज्याले सगळ्याइची नक्कल येते, दवाखान्यात आपल्या पोटावर हात ठेवून बसलो.

तं, राग बंद झाला. मेहकरहून आल्याच्या चौथ्या रोजी काका माह्या दुकानात आला. एका कास्तकारानं विळ्यानं नारळ फोडला होता अन् विळ्याचे दात पडले होते. काकाच्या मानंवरची शीर दोरीवानी फुगली होती, पण आवाज बारीक.

"सायकल, तू माही नक्कल करतं ना?"

"नाई काका, कधीच नाई."

"अबे कर. आता मले मनाई हाये. माह्या वतीनं तू रागावत जा. मी ऐरनीवर हातोडा दोनदा टिचकला की सुरू कराचं."

मले वाटलं मजाक हाये. पण तो गेला, अन् तिकडून आवाज आला, टक टक. मी सडकेच्या या अंगावरून छाती भरून सुरू केलं: "अबे नारळफोड्या! विळा म्हंजे काय तुह्या सासऱ्याचं दगडी जातं हाये? तुह्या टकुऱ्यावर फोडाचा होता, नारळही फुटला असता अन् अक्कलही निघाली असती!" कास्तकार दचकला. त्यानं काकाकडं पाह्यलं तं काका डोळे मिटून बसलेला, चेहऱ्यावर असं समाधान की जसं कोणी पाय दाबून राह्यलं. माहा नेम चुकला तं मात्र काका सांगे, "आज सासरा दोनदा आला. एकाच माणसाले किती सासरे देतं?"

सहा महिन्यात याची गावाले सवय झाली. लोक काम काकाले देत अन् माफी मले मागत. एक जण तं भाकर काकापुढं ठेवाची सोडून माह्या दुकानावर ठेवून गेला. काका दर दोन घंट्याले दूध पिये, भट्टीतून आल्यावर मिशीवर साय घेऊन बसे, अन् खरं सांगतो, पोट त्याचं थंडावलं. ऐरणीवर पालथं पडणं बंद झालं. तो म्हणे, "डाक्टर खरं बोलला बे. राग गेला अन् जाळ गेला." दुधानं गेला होता, हे आता समजते.

फक्त रज्जाक खुश नव्हता. "उस्ताद, गाली के बगैर घन नहीं उठता," तो म्हणे. "वो सायकलवाले की गाली दूर से आती है. ताल चुकता है."

"सवय लाव," काका म्हणे. तेही हळू.

दुसऱ्या वर्सी कापूस चांगला आला होता. गाड्या दिवसभर सडकेनं जात. अन् संपतराव आला. गावातला मोठा जमीनदार, चाळिशीचा, बैलाचा चाबूक स्वताच्या हातात ठेवाची हौस. त्याच्या गाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, वाटंत निसटला. गाडी उलटली, एका बैलाचा पाय मोडला. धाव महिन्याआधी पुंजाजीकाकानंच चढवली होती.

संपतराव आला तो सरळ भट्टीत घुसला. रज्जाक भाता ओढत होता. काही विचारलं नाही, सांगतलं नाही, चाबूक त्याच्या तोंडावर बसला. कानापासून गालापर्यंत कातडं उललं. दुसरा पाठीवर. तिसरा मानंवर. रज्जाक खाली पडला तरी चाबूक थांबला नाही. "सैल धाव चढवतं काय बे? माहा बैल मारला!"

काकाच्या हातात सांडशी होती अन् सांडशीत लाल झालेली पास. त्यानं ते भट्टीवर ठेवली.

"संपतराव, चाक वाळलं होतं," तो म्हणला. "तुमच्या गड्यानं चाक उन्हात ठेवलं असन. लाकूड आवळलं की धाव सुटते. मी सांगतलं होतं, हप्त्यातून एकदा पान्यात टाका."

"मले शिकवतं?" अन् चाबूक पुन्हा रज्जाकवर.

टक टक.

मले तो आवाज ऐकू आला. मी ओरडलो. जितकं येत होतं तितकं सगळं ओरडलो. काकाचा आवाज, काकाच्या शिव्या, "तुह्या टकुऱ्यात ही पास घालीन, संपत्या!" सारा बाजार थांबला.

संपतरावनं वळून माह्याकडं पाह्यलं. मंग काकाकडं. अन् हसाले लागला. पोट धरून हसला. "अबे हा तं पंक्चरवाला हाये! काऊन रे लोहारा, रागही उसना आनतं? बायकोलेही दुसऱ्याकडूनच रागावतं काय?"

लोक हसले नाहीत, पण कोणी पुढंही आलं नाही. काका उभा होता. पास लाल होती, सांडशी हाताच्या अंतरावर होती, अन् आम्हा सगळ्याइले वाटलं, आता. काकानं डावा हात छातीच्या खाली त्या एका बोटाच्या जागी ठेवला. उजव्या हातानं दुधाचा लोटा उचलला. अन् संपतरावाच्या समोर, रज्जाकचं रगत फरशीवर वाहत असताना, तो दूध प्याला. शेवटच्या घोटापर्यंत.

संपतराव थुंकून गेला.

मी अन् काकूनं रज्जाकले उचललं. काकू त्याच्या जखमाइत हळद भरत होती. काका दाराशी आला.

"सायकल," तो म्हणला, "मले राग आला होता, तो बाहेरून दिसला काय?"

"नाई काका."

"अजिबात नाई?"

"नाई."

"मंग झालं," तो म्हणला. "डाक्टरच्या दोन वर्सातले सहा महिने राह्यले."

रज्जाक चार रोज आला नाही. त्या चार रोजात काकाचं तोंड राखेवानी झालं. जिना नसलेल्या घरात त्याले दम लागे. एकदा सहज म्हणला की परसाकडं काळं होते, डांबरावानी. मी घाबरलो, तं तो हसला. "अबे लोहाराचं पोट हाये. तीस वर्सं लोखंडाचा भुगा नाकातोंडात गेला, आता निघून राह्यला. माह्या बापालेही असंच होये." त्याले खरंच वाटत होतं की पोट साफ होऊन राह्यलं. मलेही पटलं. लोखंड काळं, भुगा काळा, यात काय चूक? आतलं रगत खाली उतरून काळं पडते, हे लोहाराले कोण सांगणार, अन् सायकलवाल्याले तरी कोण?

पाचव्या रोजी रज्जाक आला. गालावर टाके, डोळा बंद. आल्या आल्या घण उचलला. सकाळच्या उन्हात एका गाडीची धाव चढवाची होती. गोवऱ्याच्या जाळात धाव लाल केली, तिघांनी तीन सांडशांनी उचलली, अन् चाकावर धरली. मी तिसरा होतो. काका वाकून जागा पाहत होता, अन् त्याच्या तोंडातून एक आवाज आला, ढेकरासारखा. मंग रगत आलं. घोटभर नाही, लोटाभर. सारं त्या लाल धावंवर पडलं. फुस्स करून वाफ उठली, अन् असा वास आला की मी सांडशी सोडत होतो.

"सोडू नको!" काका ओरडला. दीड वर्सानं ओरडला. "धाव थंडी होते बे, बसवा! रज्जाक, हान, भाडखाऊ, हान!"

रज्जाकनं घण हाणला. रडत हाणला. काका चाकावर वाकलेला, तोंडातून रगत गळून राह्यलं, हनुवटी लाल, अन् हातानं जागा दाखवून राह्यला, इथं, इथं, अन् दर घावाले शिवी. धाव बसली. रज्जाकनं पाणी ओतलं. मंग पुंजाजीकाका चाकावरच पालथा पडला.

मेहकरकडं जाणारा एकच ट्रक उभा होता, चहाच्या टपरीपुढं. कापसानं वरपर्यंत भरलेला, खुला कापूस, वर नुसती दोरीची जाळी. आम्ही काकाले खाटंवर घालून तिथं नेलं. ड्रायव्हर बाहेरगावचा होता. त्यानं रगत पाह्यलं अन् मागं सरला.

"नाई बाप्पा. कापसाले रगत लागलं तं जिनिंगवाला गाडी वापस करते. दुसरी गाडी पाहा."

मी हात जोडले. रज्जाकनं त्याचे पाय धरले. लोक म्हणले, अबे माणूस मरून राह्यला. तो कॅबिनमंधी चढला, दार लावलं, इंजिन सुरू केलं.

तवा कासाकाकू सडकेच्या मधात येऊन उभी राह्यली. हातात काकाचा हातोडा होता. कधी उचलला कोणालेच माहीत नाही. तिनं तो बॉनेटवर हाणला. पत्रा आत गेला. दुसरा दिव्यावर. काच फुटली.

"उतर, मुडद्या!" ते बाई ओरडली. "उतर खाली, हरामखोरा! तुह्या मायनं कापूस जनला होता काय रे? माह्या मानसाचं रगत लागते तुह्या कापसाले? चाल, लावते मी सारं, तुहंही लावते! काच फोडली, आता टकुरं फोडते, आन इकडं!" तोंडातून फेस येत होता. पदर सुटला होता. दर शब्दाले एक घाव. असा आवाज त्या बाईत कुठं होता इतकी वर्सं, कोण जाणे. बाजारातली कुत्रीसुदीक गप झाली होती.

ड्रायव्हरनं दार उघडलं. हात वर केले. "चढवा, बाई, चढवा. मारू नको."

रज्जाकनं अन् मी काकाले जाळीवरून वर नेलं, कापसात ठेवलं. त्याच्या आंगाखाली पांढरा कापूस लगेच लाल होऊ लागला. रज्जाक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. खाली काकूनं ड्रायव्हरले अजून सोडलं नव्हतं. त्याच्या बाजूले कॅबिनमंधी चढून बसली होती अन् त्याच्या सात पिढ्या काढून राह्यली होती. मले वाटलं काकाले त्रास होईल. डॉक्टरानं सांगतलं होतं. मी खाली वाकलो अन् तोंड उघडलं, काकू, जरा हळू, असं सांगाले.

काकानं माहं मनगट धरलं. बोटं बरफावानी थंडी होती.

"गप बे," तो म्हणला. "ऐकू दे."

ट्रक हालला. मी खाली उडी मारली अन् सडकेवर उभा राह्यलो. गाडी मेहकरच्या दिशेनं निघाली, मंधी खड्डा आला तशी उसळली. कॅबिनमधून काकूचा आवाज येतच होता. वर पांढऱ्या कापसाच्या ढिगात काकाचं फक्त तोंड अन् एक हात दिसत होता. गाडीच्या हेलकाव्यानं कापूस त्याच्या तोंडावर येत होता. त्यानं तो हात उचलला, हळूहळू, जसं लय जड काही उचलून राह्यला, अन् कानावरचा कापूस बाजूले सारला.